साधे कागद

४ जून

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार घालायला गेले तर तू म्हणशील, सांभाळ, वाकलीस की उठायची नाहीस. म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार घे. फोन केला नाही, कारण तुझ्याकडे तो लागत नाही, आणि चुकून लागलाच तर तू "कोण? कोण?" करून ठेवून देतेस.

माझं बरं चाललंय. रेकॉर्ड ऑफिसात आता मला वेगळी खोली मिळाली आहे. लहान आहे, पण उत्तरेकडे खिडकी आहे आणि टेबल दाराएवढं मोठं. इतकी वर्षं जमिनीचे आणि कोर्टाचे कागद सांधले. आता साहेबांच्या मागे लागून एक नवीन काम काढलंय, लोकांच्या रोजच्या जगण्यातले कागद जमवायचं. बसची तिकिटं, शाळेचे निकाल, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, दुकानातल्या पाट्या, भिंतीवरच्या सूचना. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात माणसं कशी राहायची हे त्यांच्यावरून कळतं. जमिनीच्या कागदावरून फक्त कोण कुणाशी भांडलं तेवढंच कळतं.

खालच्या गावांनी पोती भरभरून पाठवलीत. आपल्या वरच्या, डोंगरातल्या गावांचा कप्पा मात्र रिकामा आहे, अगदी झाडून पुसल्यासारखा. वरची कचेरी जळली तेव्हा सगळं गेलं हे खरं, पण साहेब म्हणतात की तसंही वर कागद कुठले असणार, तिकडे सगळा कारभार तोंडीच चालायचा. मला हे फार लागलं. मी वरची, माझ्या बोलण्यावरून त्यांना कळतंच, तरी माझ्या तोंडावर म्हणाले.

तर मावशी, तुझ्याकडचे जुने कागद पाठव. मोठ्या शिक्क्यांचे, सहीचे, महत्त्वाचे नकोत. साधे कागद हवेत मला, अगदी साधे. जेवढे असतील तेवढे बांधून कंडक्टरकडे दे, मी स्टँडवर येऊन घेईन.

तुझी,
टाचणी

---

१९ जून

चिरंजीव टाचणीस,

आशीर्वाद नेहमीचेच, ते वेगळे कशाला लिहायचे, मशीन चालवताना तोंडात तेच असतात.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं. एवढं मोठं सरकारी ऑफिस आणि तिथे साधा कागद मिळू नये? दूधवालीला सांगितलं तर ती म्हणाली, सरकारचं असंच असतं, खुर्च्या नव्या आणि कागद संपलेला. तू लिहिलंस की जुनेच हवेत. म्हटलं, पोरीला सांधायच्या कामाला लागत असतील. चांगल्या लुगड्याला ठिगळ लावताना आपण जुन्याचंच लावतो, नव्याचं ओढतं.

तर दोन दिवस मशीन बंद ठेवलं आणि माझ्या सगळ्या जुन्या कागदांवरून लिहिलेलं-छापलेलं कापून काढलं. नुसत्या साध्या, कोऱ्या पट्ट्या राहिल्या त्या पाठवतेय. कडेची सूतं सुटू नयेत म्हणून दातेरी कात्रीने कापल्यात. कागदाला सूतं नसतात हे मला कळतं, पण हात सवयीने तीच कात्री उचलतो, आणि कापलेलं दिसतंही छान. थप्पी लावून, दोऱ्याने बांधून, वर मेणकापड घातलंय. कंडक्टरला दम दिला आहे की यावर बसलास तर तुझ्या पँटची शिवण यापुढे दुसरीकडे घालून घे.

पुरले नाहीत तर कळव. माझं काम जोरात आहे, मशीनला उसंत नाही.

मावशी

---

२७ जून

प्रिय मावशी,

गठ्ठा मिळाला. टेबलावर उघडला आणि मी इतकी हसले की साहेब चष्मा कपाळावर ठेवून दारात आले. त्यांना काय सांगणार? मी मागितले साधे कागद आणि माझ्या मावशीने मजकूर काढून टाकून साधे कागद पाठवले. चूक तुझी नाही, माझीच जीभ वाकडी. कोऱ्या कागदालाच सगळं जग साधा कागद म्हणतं. मी आपली मनात मांडे खात बसले होते.

पण ऐक, गंमत पुढे आहे. तुझा अंदाज तंतोतंत खरा होता. जुन्या कागदाला जुन्याचंच ठिगळ लागतं. नवा कागद खळ लावली की फुगतो, वाळला की आखडतो, आणि शेजारच्या जुन्याला फाडतो. मी कित्येक वर्षं कोऱ्या जुन्या कागदासाठी रद्दीवाल्यांच्या दारात उभी असते. तू पाठवलंस ते मला वर्षभर पुरेल. खरंच सांगते, दुपारभर त्या पट्ट्या उजेडात धरून बघत होते. एक पिवळा, एक राखी, एक चहाच्या पाण्याच्या रंगाचा. हे असं माझ्यासाठी दोन दिवस मशीन बंद ठेवून दुसरं कोण कापत बसलं असतं?

आता भीतभीत विचारते. कापून काढलेला भाग कुठे आहे? लिहिलेला, छापलेला? चुलीत गेला असेल तर स्पष्ट सांग, मी रडून मोकळी होईन.

आणि तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका ओळीत चार शब्द. माझ्यावर रागावलीस का?

तुझी,
टाचणी

---

१० जुलै

चि. टाचणी,

चुलीत? कागद चुलीत घालायला मी काय कारकून आहे? माझ्या घरात सुताचा तुकडा फुकट गेला नाही कधी, तू लहानपणी टाचण्या गोळा करत लोहचुंबक घेऊन जमिनीवर लोळायचीस ते विसरलीस वाटतं. म्हणून तर हे नाव पडलं तुला.

कापून काढलेले तुकडे कॉलर आणि खिशांच्या मापाला ठेवलेत. बाकीचे मोठे कागद आधीपासूनच कापलेले आहेत. आता नीट सांगते, म्हणजे पुन्हा घोळ नको. इथे कोट शिवायचा तर आधी कागदावर माप कापावं लागतं. कोटाचं कापड जाड, एकदा कात्री चुकली की बाईचा हिवाळा वाया. आणि मापाला कोरा मोठा कागद इथे कधी मिळाला होता? मग मी प्रत्येकीला सांगायची, येताना कागद घेऊन ये, मिळेल तो. कुणी बसचं वेळापत्रक आणलं, बस फक्त पुलापर्यंत यायची तेव्हाचं. मास्तरीण शाळेच्या सहामाहीचे निकाल आणायची. दूधवालीच्या सासूने निवडणुकीची भिंतपत्रं उपटून आणली होती, उमेदवार अजून प्रचाराला यायचा होता. दवाखान्याच्या सूचना, बियाण्याच्या दुकानाच्या जाहिराती, सगळ्यांच्या पाठी, बाह्या आणि पुढचे भाग झाले.

प्रत्येकीचं माप वेगळं गुंडाळून, तिच्याच कोटाच्या चिंधीने बांधून, खुंट्यांवर टांगलंय. गेल्यात त्यांचंही. कुणाचे फोटो नाहीत गं इथे, पण पुलाजवळच्या म्हातारीचा उजवा खांदा पाणी वाहून कसा उतरला होता ते मला तिच्या पाठीच्या कागदावर अजून दिसतं. तुझी आईही आहे तिथेच, खिडकीजवळच्या खुंटीवर.

तर हे काही देता यायचं नाही. त्या माझ्या बाया आहेत. शिवाय गिऱ्हाईक रोज दारात उभं असतं, माप काढायला वेळ कुणाला आहे?

अक्षराचं म्हणशील तर नवीन पेन आहे, जाड उमटतं. रागावले असते तर लिहिलंच नसतं.

मावशी

---

२२ जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुलापर्यंतच्या बसच्या वेळापत्रकाचं ऐकलं आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली. ते वेळापत्रक कुठेच नाही, मावशी. बसच्या ऑफिसातही नाही, मी विचारून आले.

तुला एक सांगितलं नव्हतं, आता सांगते. माझी खोली डिसेंबरअखेरपर्यंतच आहे. तोवर सगळ्या जिल्ह्याचे कप्पे भरले नाहीत तर काम अपुरं म्हणून बंद होणार आणि खोलीत मोडक्या खुर्च्या आणि मतपेट्या येणार. बाकी सगळं भरलंय. फक्त आपला कप्पा रिकामा आहे. खोली गेली तर मी पुन्हा जमिनीचे कागद सांधीन, पोटाला काही कमी पडणार नाही. पण वर कागदच नव्हते, असं कायमचं लिहिलं जाईल, आणि ते मला सहन होणार नाही. खुंटीवर अख्खा गाव टांगलेला असताना तर मुळीच नाही.

तुझं काम अडू नये म्हणून एक सुचवते. कंडक्टरबरोबर खाकी कागदाचा मोठा रोल पाठवलाय. प्रत्येक माप त्यावर ठेवून खडूने आखायचं आणि कापायचं. मापं तुझी तुझ्याकडे राहतील, छापलेले कागद मी इथे जपेन. बाईचं नाव, तिच्या कोटाची चिंधी, सगळं तसंच ठेवीन, तुझ्या बाया वेगवेगळ्या करणार नाही. शब्द देते.

आणि आईचं माप कशावर कापलंय गं? हे कामासाठी विचारत नाही.

तुझी,
टाचणी

---

१५ सप्टेंबर

टाचणी,

उत्तराला उशीर झाला. गडबड होती.

तुझा खाकी कागद खराब निघाला. त्यावर खडूची रेघच दिसत नाही. मास्तरणीचं माप आखायला घेतलं आणि नव्या कागदाबरोबर जुन्याचीही बाही कापली गेली. मास्तरणीची बाही. माझ्या हातून कधी असं झालं नव्हतं. दुकानदाराला परत दे तो रोल, तुला फसवलंय.

आता घाई करू नकोस. बघू पुढे.

मावशी

---

१८ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र आल्याआल्या लिहिते आहे. पांढऱ्या खडूची रेघ खाकी कागदावर दिसत नाही, असं आजवर कुणाला झालेलं नाही. नवीन पेनही नाही आणि मोठं अक्षरही रागाचं नाही. मी कागदाचा बारीकसा चरा भिंगातून शोधते आणि तीन पत्रं माझ्या हातात असून मला हे दिसलं नाही.

मी रविवारी सकाळच्या बसने येते आहे. इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नाव घातलंय. नको म्हणू नकोस, तुझ्या उत्तराची मी वाट बघणारच नाही, थेट दारात येईन. मापं, कप्पा, खोली, सगळं गेलं खड्ड्यात. साहेबांना सांगून टाकलंय की मला आता रजा हवी आहे आणि ऑक्टोबरात काम होणार नाही. ते म्हणाले, मग डिसेंबरचं काय? मी म्हटलं, येऊ देत खुर्च्या.

आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. तू लग्नाचं वय असताना मशीनच्या पायाशी मला घेऊन बसलीस, एका पायाने मशीन आणि दुसऱ्याने माझा पाळणा. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तू लगेच म्हणशील, हिशेब मांडतेस का. नाही मांडत. फक्त सांगते की मला आठवतं, आणि जे आठवत नाही तेही दूधवालीने सांगितलंय.

कपड्यांची एक पिशवी भरून ठेव. बाकी काही आणायचं नाही.

तुझी,
टाचणी

---

२ डिसेंबर

चि. टाचणी,

घरी सुखरूप पोचले, त्याला पंधरा दिवस झाले. कंडक्टरने पुढची सीट दिली. सगळ्या बसला सांगत होता, हिचा डोळा नवीन बसवलाय. नवीन नाही म्हटलं, आतला पडदा धुतलाय फक्त. दुसऱ्याचं डॉक्टर उन्हाळ्यात बघू म्हणालेत.

आल्याआल्या पहिलं काय केलं असेल तर गेल्या दोन वर्षांतली माझी शिलाई बघितली. देवा रे. दूधवालीच्या जाकिटाची शिवण रस्ता चुकलेल्या शेळीसारखी गेली आहे आणि बिचारी ते घालून हिंडते. विचारलं तर म्हणाली, तू मनापासून शिवलंस, बोलायचं कसं? आता कळलं गिऱ्हाईक का आटलं ते. हो, आटलंच होतं. मशीनला उसंत नाही वगैरे मी तुला लिहायची, पण मशीनवर झाकणच होतं. तू ओळखलं असशील. घरात पाऊल टाकलंस तेव्हा झाकणावरच्या धुळीवर बोट फिरवलंस, ते मी एवढ्या अंधुक नजरेतही पाहिलं.

तू काही आणू नको म्हणालीस आणि मी सगळ्या बाया, कॉलर-खिशांच्या तुकड्यांसकट, मांडीवर घेऊन बसले, म्हणून बसमध्ये भांडलीस. पण मला विचारशील तर खुंटीपेक्षा मांडी बरी. ऑपरेशन बिघडलं असतं तर माझ्या मागे कुणी त्यांना नाव घेऊन ओळखलं असतं का? त्या दिवशी तुझ्या ऑफिसात डोळ्यावर झाकण लावून बसले आणि एकेक गुंडाळी सोडली, तेव्हा मला हाताने कळत होतं कोण आहे ते. तू लिहून घेत होतीस. साहेब आधी लांब उभे होते. म्हणाले, अरेरे, सगळे कागद कापलेले आहेत.

मी म्हटलं, "साहेब, कापले म्हणून राहिले. अख्खे होते ते सगळे चुलीत गेले."

मग ते बसले. निवडणुकीच्या भिंतपत्राची बाही उजेडात धरून वाचत राहिले आणि हसू आलं तर तोंडावर हात ठेवला. माणूस चांगला आहे. डावा खांदा जरा खाली आहे त्यांचा, कोट शिवून घ्यायचा असेल तर आत भराव द्यावा लागेल, सांग त्यांना.

त्या दिवशी एक गुंडाळी मी सोडली नाही, पिशवीच्या तळाशी ठेवली आणि परत घेऊन आले. तू पाहिलंस आणि विचारलं नाहीस. जुलैत विचारलं होतंस त्याचं उत्तर आता देते.

तुझ्या आईचं माप दवाखान्याच्या सूचनेवर कापलंय. वर नर्स कुठल्या वारी येणार आणि बायकांनी कुठे यायचं ते छापलेलं आहे. तिनेच आणली होती, दवाखान्यातूनच येत होती. मी तोवर झबली आणि उशांचे अभ्रे शिवायची, कोट कधी शिवला नव्हता. ती म्हणाली, धाकटे, पहिला कोट माझा शिव, बिघडला तरी मी बोंब मारणार नाही. मी पानं गळायच्या दिवसांत माप घेतलं, कागद कापला, आणि कापड यायला उशीर झाला. कापड आलं तेव्हा पुन्हा टेप लावला तर आधीचं माप पुरेना. दोघी इतक्या हसलो की खाली बसलो. मग पुढच्या भागाला मी कागदाचा जोड लावला, हाताशी चहाच्या पुडक्याचा कागद होता तो, पिठाच्या खळीने चिकटवला. तो जोड म्हणजे तू.

तो कोट तिने तू व्हायच्या आधी आणि नंतर घातला. तू झाल्यावर आत घ्यायचा होता, आज घेऊ उद्या घेऊ करता राहून गेलं. ती गेल्यावर त्याचं मी तुला जाकीट केलं आणि तू ते कुंपणावर अडकवून फाडलंस. म्हणून कोट नाही, माप तेवढं आहे. इतकी वर्षं दिलं नाही, कारण माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही. पण आता मला दिसतंय, आणि मला दिसतंय ते तुझ्यामुळे.

सोबतच्या पार्सलात कोट आहे. तुझ्यासाठी शिवलाय, तिच्या मापावर. मापाचा जोड आत दुमडला आणि मग कापड कापलं. बाही तेवढी बोटभर वाढवली, तिचे हात तुझ्यापेक्षा आखूड होते. बाकी तिच्या मापात फरक केला नाही. घालून बघ आणि खरं काय ते लिही, गोड बोलू नकोस.

कोटाच्या आत गुंडाळी ठेवली आहे. ती कप्प्यात ठेवायची की घरी, तुझं तू ठरव. माझा हट्ट नाही.

मावशी

---

१४ डिसेंबर

प्रिय मावशी,

कोट बसला.

गोड बोलू नकोस म्हणालीस म्हणून सांगते, मागच्या बाजूला मानेखाली थोडा ओढतो, कारण मी दिवसभर टेबलावर वाकलेली असते आणि आई वाकत नव्हती. बाकी खांदे, छाती, कंबर, सगळं जिथल्या तिथे. बटणं लावली आणि आरशासमोर गेलेच नाही, खुर्चीवर बसून राहिले. मला आईचा चेहरा माझ्याकडच्या एका फोटोतून माहीत आहे, तोही अर्धा उन्हात. ती केवढी होती हे मला कधी माहीत नव्हतं. ती माझ्याएवढी होती, मावशी. मी आयुष्यभर तिला मान वर करून बघत होते.

आता ऑफिसचं. कप्पा भरला. तू जूनमध्ये पाठवलेल्या कोऱ्या पट्ट्या आठवतात ना? मापांचे कोपरे जिथे तुटले होते तिथे जोडायला म्हणून मी त्या काढल्या, आणि बसच्या वेळापत्रकाच्या एका तुकड्याशेजारी एक पट्टी ठेवली तर तिचे दात बरोब्बर त्याच्या दातांत बसले. त्याच कागदाची होती ती. तू माझ्यासाठी म्हणून कापून काढलेली कड पुन्हा त्याच जागी गेली. मग मी सगळ्या पट्ट्या पसरल्या आणि आठवडाभर तेच केलं. दातेरी कात्री तू सवयीने उचललीस म्हणून. सरळ कात्रीने कापलं असतंस तर कुठली कड कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मास्तरणीची बाहीही सांधली आहे, काळजी करू नकोस, ती आता दुखत नाही.

काल मुख्य कचेरीतून मोठे अधिकारी पाहणीला आले. साहेबांनी आपणहून आपला कप्पा आधी उघडला आणि त्यांना म्हणाले की वरच्या गावांचे कागद जिल्ह्यात सर्वांत चांगले राहिलेत. मी मागे उभी होते, माझ्याकडे न बघता बोलले. खोली राहिली. खुर्च्या आणि मतपेट्या जिन्याखाली जाणार आहेत. कप्प्यावर चिठ्ठी लावली आहे, "वरची गावं", आणि खाली बारीक अक्षरात, "राखून ठेवणारी: गावची शिंपीण". भरावाचं साहेबांना सांगितलं, तर त्यांनी आधी डावा खांदा चाचपला आणि मग माप द्यायला कधी येऊ ते विचारलं. गिऱ्हाईक आलं समज.

आईचं माप मी कप्प्यातच ठेवलं, सगळ्या बायांबरोबर. ती तुझी पहिली गिऱ्हाईक, तिला वेगळं बसवून कसं चालेल? पण ठेवायच्या आधी ते नीट करायला टेबलावर घेतलं, तेव्हा साहेब येऊन बघत उभे राहिले. आमच्या कामाची रीत अशी की मूळ कागदावर नंतर कुणी काही चिकटवलं असेल तर वाफ देऊन ते हळूच सोडवायचं. साहेबांनी तेच सांगितलं. म्हणाले, हा चहाच्या पुडक्याचा जोड काढून टाका, त्याच्याखाली सूचनेच्या दोन ओळी झाकल्या आहेत, नर्स कुठल्या वारी यायची ते वाचता येईल.

मी वाफेचं भांडं बाजूला सरकवलं आणि म्हटलं, "राहू दे साहेब. तो जोड मूळचाच आहे."

तुझी,
टाचणी